तांबडी अंगठी मोडणाऱ्या व्याह्यांना

बोरिवली (पूर्व)
शनिवार, जेवणानंतर

सन्माननीय मधुकरराव व्याही यांना दशरथचा वाकून नमस्कार. (‘वाकून’ हा शब्द सौ. रुक्मिणीने घालायला लावला. ती माझ्या पाठीशी उभी राहून वाचते आहे.) आपला गुडघा आता बरा असेल. विहीणबाईंचं बीपी उतरलं असेल अशी आशा आहे. गुरुवारी ते माझ्यामुळे चढलं, असं निधीने मला फोनवर तीन वेळा सांगितलं. आपल्या उजव्या हाताच्या तर्जनीचीही मी मुद्दाम चौकशी करतो. तिच्याविषयी सविस्तर पुढे येईलच.

हे पत्र माफीचं आहे. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे वाचताना तसं वाटणार नाही. फोन केला तर मी ओरडेन आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तुम्ही नुसता अंगठा पाठवाल, म्हणून सौ.ने पत्राचा मार्ग काढला. निधी आणि हर्षदराव आज संध्याकाळी मालाडहून तुमच्याकडे मुलुंडला यायला निघतील, तेव्हा जाता जाता हे घेऊन जातील. (निधी, गाडीत फोडून वाचणार आहेस हे मला माहीत आहे. वाच. पण जावईबापूंना मोठ्याने वाचून दाखवू नकोस.)

मधुकरराव, या खेळात मी तुमच्या आधीपासून आहे. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, सौ.ने माझं क्रिकेट बघणं बंद केलं, आणि हर्षदरावांनी जुन्या कॉम्प्युटरवर हे राक्षस मारायचं प्रकरण घालून दिलं. (डोळ्याच्या ऑपरेशनवर हा उपाय कोणत्या डॉक्टरने सांगितला, हे मी विचारलं नाही.) मी कुऱ्हाडवाला पहिलवान घेतला. खेळातल्या त्या विहिरीच्या तळाशी जी हाडांची बाई बसते, जिचं इंग्रजी नाव आपल्या दोघांनाही नीट म्हणता येत नाही म्हणून आपण जिला हाडळ म्हणतो, तिच्याकडेच काय ती तांबड्या खड्याची अंगठी असते. दुसऱ्या कोणाकडे नाही. राक्षसाला कुऱ्हाडीचा एकेक घाव बसला की त्या अंगठीमुळे पहिलवानाच्या अंगात जीव परत येतो. ती मिळाली की पहिलवान मरत नाही. नाही मिळाली की माझ्यासारखा दर पाच मिनिटांनी मरतो.

आता ती पडते कशी, हे मी तुम्हाला शंभरदा समजावलं होतं, आणि तुम्ही शंभरदा ‘हो का?’ म्हणाला होतात. हाडळ मेली की यंत्र आतल्या आत सोडत काढतं. पाचशेत एक चिठ्ठी अंगठीची. बाकी गंजलेल्या कट्यारी, फाटके बूट आणि ते हिरवं औषध. बरं, सोडत दर वेळी नवी. काल मारली, परवा मारली, सबंध पावसाळा मारली, यंत्राला त्याचं काही नाही. पाचशे वेळा मारली म्हणून पुढच्या वेळी हक्काने मिळेल असं नाही. पुन्हा आपली पाचशेत एक. हर्षदरावांनी कागदावर काढून दाखवलं. मला समजलं. पटलं नाही. अहो, घरांच्या सोडतीतसुद्धा माणूस कधीतरी प्रतीक्षा यादीवर तरी येतो! इथे रोज दुपारी जाऊन मी त्या बाईला मारतो आणि यंत्र माझ्याकडे असं बघतं की जणू हा कोण नवीन आला. त्यात नशीब वाढवणारे कपडे वेगळे. ते घातले तर शक्यता जराशी सुधारते, पण त्यासाठी चिलखत उतरवावं लागतं, कारण एका वेळी एकच काहीतरी अंगावर राहतं. म्हणजे अंगठी हवी असेल तर माझ्या पहिलवानाने त्या हाडळीपुढे जवळपास उघडं उभं राहायचं. मी राहिलो. मरोळच्या कारखान्यात इतकी वर्षं नोकरी केली, कोणा साहेबापुढे असा उभा राहिलो नाही.

मग तुम्ही आलात. दोन्ही बाबा दुपारी नुसते बसलेले असतात, असं म्हणून निधीने तुम्हाला मुलुंडला घरबसल्या, कानाला हेडफोन लावून, माझ्या टोळीत घातलं. तुम्ही धनुष्यवाली बाई घेतलीत, कारण पुरुषांचे सगळे चेहरे रागीट होते म्हणे. काही हरकत नाही. मी मुलीकडचा, म्हणून टोळीचं म्होरकेपणही मीच तुम्हाला दिलं. कोणी मागितलं नव्हतं. मीच आपला ‘तुम्हीच पुढे व्हा’ म्हणालो. तिथेच माझी वाट लागली. पडलेली वस्तू कोणाची हे म्होरक्या ठरवतो. ‘ज्याची त्याला’ असं एक बटण असतं, ‘जो उचलेल त्याची’ असं दुसरं. तुम्ही कुठलं दाबलं होतंत, मधुकरराव? मी कधी विचारलं नाही. व्याह्यांना असं विचारतात का?

गुरुवारी हाडळ पडली आणि तो टणत्कार झाला. जमिनीतून सोनेरी उजेडाचा खांब उभा राहिला. इतक्या महिन्यांत मी तो कधी पाहिला नव्हता. माऊसवरून बोट घसरलं. नीट धरेपर्यंत तुमच्या बाईने उडी मारून अंगठी उचलली. आणि वर तुम्ही मला आतला आकडा वाचून दाखवलात. (त्या अंगठीतसुद्धा आकड्याची सोडत असते, आठपासून बारापर्यंत. आठची मिळाली तरी माणूस पेढे वाटतो.) ‘बारा लिहिलंय हो, चांगलं असतं का?’ असं तुम्ही विचारलंत.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, अभिनंदन. हो, अभिनंदन! दात ओठ खाऊन, पण म्हणालो. मनात म्हटलं, धनुष्यवालीला या अंगठीचा काडीचा उपयोग नाही, कुऱ्हाड असेल तरच ती चालते. आज ना उद्या व्याही आपणहून देतील. आपण कशाला तोंड उघडा? मग आपण खेळातल्या गावात लोहाराकडे गेलो. माझं सामान आवरून झालं. मी धीर करून हळूच विषय काढला, की ती तांबडी अंगठी जरा बघायला मिळेल का.

‘ती होय? पिशवी भरली होती हो. ते सगळं मोडा म्हणून एक बटण आहे ना, ते दाबलं. चिमूटभर तांबडी पूड मिळाली. तुम्हाला हवी का?’

मधुकरराव, आमच्या घरात आईच्या पाटल्या मोडायची वेळ आली होती तेव्हा चार दिवस कोणी धड जेवलं नव्हतं. दागिना मोडण्याआधी माणूस घरात विचारतो, रात्रभर तळमळतो, सोनाराच्या दुकानाच्या पायरीवरून एकदा मागे फिरतो. तुम्ही त्या तर्जनीने बटण दाबलंत! फाटक्या बुटांबरोबर! आणि मला पूड विचारता?

तेव्हा माझ्या तोंडून तो शब्द गेला. गाढव. एकदा नाही, तुमच्या कानात राहावा म्हणून दोनदा. पण तो तुमच्या कानापुरता राहिलाच नाही, कारण कान दुखतो म्हणून तुम्ही हेडफोन काढून स्पीकर लावला होतात, आणि बाहेर हॉलमध्ये विहीणबाईंची भिशी भरली होती. मला हे कसं कळावं? ऐकू आलं ते एवढंच, की कोणीतरी बाई विचारते आहे, ‘अगं राधा, हे कोण गं?’ आणि विहीणबाई सांगताहेत, ‘सुनेचे वडील.’

इकडे सौ. झोपेतून उठून धावत आली. ‘अवो, कित्याक बोंबलतास? व्याह्यांका असा कोण बोलता?’ मी तिला अंगठीचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि कॉम्प्युटरची वायर काढून कपाटात ठेवली. निधीला तुमच्या सोसायटीतल्या दोन बायकांनी लगेच फोन करून विचारलं म्हणे, की घरात देण्याघेण्यावरून काही चाललंय का. पोरगी रडवेली झाली होती. ‘बाबा, तिथे मला तोंड दाखवायचं असतं,’ म्हणाली. त्याचं मात्र मला खरंच वाईट वाटलं. बाकी कशाचं नाही.

सबब, तो शब्द मी मागे घेतो. विहीणबाईंची आणि त्यांच्या भिशीची मन:पूर्वक क्षमा मागतो. लोभ असू द्यावा. तुमचा असेल तेवढा पुरे, माझ्याकडे सध्या कमी आहे.

आपला,
दशरथ

ता. क. : सौ.ने वाचलं. माफी तळाशी गेली आहे आणि वर नुसता जाळ आहे, असं तिचं म्हणणं. म्हणून पुन्हा लिहितो : चूक झाली. ओलं खोबरं घालून केलेल्या तिच्या करंज्या सोबत आहेत, त्या माझ्या वतीने समजाव्यात.

ता. क. दुसरा : ती आता खाली भाजी आणायला गेली आहे, म्हणून मुद्द्याचं लिहितो. वायर मिळाली आहे. काल आणि आज मी एकटाच विहिरीत उतरलो. तुमचे बाण मागून आले नाहीत की मी हाडळीपर्यंत पोचतच नाही. पोचलो तरी ती मेल्यावर ‘काय हो, पडलं का काही?’ असं विचारणारं कोणी नसतं. सोमवारी तीन वाजता या. हेडफोन लावून या. म्होरक्या मी.

ता. क. तिसरा : निधी खाली हॉर्न वाजवते आहे. पाकीट चिकटवायच्या आधी डोकं थंड करायला विहिरीवरच्या चौकीदाराला मारलं, आणि खांब उभा राहिला. माझ्यासाठी नाही! हिरवी अंगठी, फक्त धनुष्यवाल्यांना चालणारी. मी ती विकली नाही, माझ्या पेटीत ठेवली आहे. जमिनीवर टाकली की तुम्हाला उचलता येईल. हे निधीजवळ बोलू नका. ती म्हणेल, बाबांचा राग गेला. गेलेला नाही.