तुमच्या शालीची गाठ

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही "बरी आहेस ना?" विचारता आणि मी तोंड उघडायच्या आत आईला बोलवायला सांगता, म्हणून हे पत्र. इथे मला मध्येच तोडता येणार नाही. माल घेऊन जेद्दाला येणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. जेवण झालं की निवांत वाचा आणि घाबरू नका, बातमी चांगली आहे.

माझा उजवा हात उघडला, बाबा. पाचही बोटं.

ईदनंतर शहरातल्या इस्पितळात ऑपरेशन झालं. तुम्हाला कळवायचं नाही अशी आईची सक्त ताकीद होती. म्हणाली, तो काम टाकून पळत येईल आणि दारात बसून रडेल, मला दोघांना सांभाळायला जमायचं नाही. डॉक्टर नबीहाबाईंनी तळहातावरची आखडलेली कातडी सोडवली, एकेक बोट सरळ केलं आणि मोकळ्या झालेल्या जागेवर माझ्याच मांडीची कातडी लावली. बोटांत सळ्या, वर प्लॅस्टर. शेजारची लुत्फिया मावशी बघायला आली ती म्हणे, आता सलाम करताना तू लोकांच्या हातात मांडी देणार. बापाला असलं लिहू नये, पण त्या दिवशी इतकी हसले की टाके दुखले.

तुम्ही सुट्टीवर आलात की सल्त्याच्या रश्शाचं उकळतं दगडी भांडं मध्ये यायचं आणि सगळे भाकरीचा तुकडा दुमडून त्यानेच ओरपायचे. मला तुकडा दुमडता यायचा नाही, आणि सगळ्यांच्या भांड्यात डावा हात कसा घालणार? म्हणून मी चमचा घेऊन स्वयंपाकघरात बसायचे. तुम्ही दर वेळी नेमके त्या दाराकडे पाठ करून बसायचात. मला वाटायचं, बाबांना माझा हात बघवत नाही. खूप राग यायचा तुमचा.

खरं काय ते इस्पितळाच्या पहिल्या फेरीत कळलं. डॉक्टरीणबाई हात उलटसुलटा करून बघत होत्या. बाई तशा प्रेमळ, पण तोंडाच्या फटकळ. त्यांनी विचारलं, "हा हात असा गाठोड्यासारखा कुणी बांधला होता?" आई ताठ बसून म्हणाली, "मी. बांधायला मी होते, आता सोडायला तुम्ही आहात."

बाई हसल्या. मग म्हणाल्या, प्रत्येक बोट वेगळं गुंडाळायला हवं होतं, पण तुमच्या डोंगरावर हे कुणी कधी सांगितलंच नाही. मूठ करून बांधतात, मूठ तशीच भरून येते. महिन्याला असे कितीतरी हात येतात माझ्याकडे.

परतताना जीपमध्ये मी आईला छेडलं, की तू तर तेव्हा झऱ्यावर पाणी भरायला गेली होतीस, लुत्फिया मावशीनेच सांगितलंय. तेव्हा कुठे ती बोलली. मी रांगत जाऊन तन्नूरमध्ये, भाकरीच्या पेटत्या भट्टीत, हात घातला तेव्हा घरात तुम्ही एकटे होतात. खांद्यावरची शाल काढून माझी मूठ मिटून बांधलीत आणि मला उचलून डोंगर उतरलात. खाली दरड कोसळून रस्ता बंद. तो उघडेपर्यंत गाठ तशीच राहिली. पुढे कुणा डॉक्टरने तुम्हाला चूक सांगितली, तेव्हा घरी येऊन तुम्ही पहारीने तन्नूर फोडलात आणि जेद्दाला निघून गेलात. तेव्हापासून आपल्याकडे भाकरी लुत्फिया मावशीकडून येते आणि तिच्याबरोबर गावभरच्या चहाड्या.

आता ऐका. बोटं वळावीत म्हणून रोज पीठ मळायचं आणि आखडू नयेत म्हणून रात्री हाताला फळी बांधून झोपायचं, असं बाईंनी सांगितलं. पीठ मळून मळून माझ्या मनात नवा तन्नूर बांधायचं आलं. आईने आकाशपाताळ एक केलं. मी म्हटलं, कमरेइतक्या उंच ओट्यावर बसवू, रांगतं पोर पोचणार नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच माती कालवायला बसली.

काल पेटवला. नव्या कातडीला चटका नीट कळत नाही, म्हणून भाकरी आतल्या भिंतीला थापायची कापडी गादी घेतल्याशिवाय हात आत घालायचा नाही अशी बाईंची तंबी आहे. पहिली भाकरी थेट विस्तवात पडली. लुत्फिया मावशी म्हणाली, ती तन्नूरची. दुसरी चिकटली. फुगली. दुपारी मी मध्ये बसले, तुकडा दुमडला आणि सगळ्यांच्या भांड्यातून सल्ता खाल्ला. आई घास हातात तसाच धरून बघत राहिली. शेवटी मीच तिला भरवला.

तुमची बाजू रिकामी होती, बाबा. हे पत्र त्यासाठी. सोबत एक गाठोडं आहे. आत जवाची भाकरी आहे, पोचेपर्यंत कडक होईल, चहात बुडवून खा. बाहेरची शाल ओळखाल. आईने ती तेव्हाच धुऊन पेटीत ठेवली होती, फेकली नाही. गाठ मी बांधली आहे, उजव्या हाताने, थोडी सैल, म्हणजे तुम्हाला सोडताना त्रास होणार नाही. ती सोडा आणि घरी या. या वेळी माझ्यासमोर बसा.

तुमचीच,
अफ्राह