मोलोच्या वजनाच्या शेळ्या

चोनबुरी,
ऑक्टोबरचा पहिला रविवार

बाबा,

मोलो फार खाते, हे तुम्ही मला आता सांगताय? मी तिच्या मानेवर बसायला शिकलो तेव्हापासून ती खातेच आहे, आणि तुम्हीच म्हणायचात की आपली हत्तीण खाते ते डोंगराला कळतसुद्धा नाही. आता तो खालच्या गावचा व्यापारी येऊन चहा पिऊन गेला, आणि एकदम डोंगराला कळायला लागलं!

फोनवर हेच बोललो तर तुम्ही फोन म्युनेच्या हातात दिलात. म्हणून लिहितोय. पत्र म्युने मोठ्याने वाचणार, तेव्हा तुम्हाला ऐकावंच लागेल. म्युने, तुझा भाऊ चर्चमध्ये शिकला तेवढीच त्याची अक्षरं आहेत, हसू नकोस. आणि अवघड जागा आली की आवाज बारीक करायचा नाही.

विचारायचं राहिलंच. आईचा खोकला थांबला का? तुमचे गुडघे कसे आहेत? मी बरा आहे. इथला थाई भात पांढरा आणि चिकट, पोट भरतं पण खाल्ल्यासारखं वाटत नाही. आईने कुटलेली मिरची कुणी इकडे येणार असेल तर द्या.

म्युने सांगत होती, व्यापारी म्हणतो मोलो त्याला द्यायची आणि तिच्या वजनाएवढ्या शेळ्या तुम्ही घ्यायच्या. शंभरेक होतील, वर थोडी रोख. "वजन तेवढंच, तर भूकही तेवढीच. जो डोंगर तिला पोसत होता तोच ह्यांना पोसेल." आणि तुम्ही मान डोलावलीत. मी तुम्हाला हसत नाही, बाबा. इथे चारा-कोठीवर कामाला लागलो तेव्हा मीही मान डोलावली असती.

आमची मुकादम प्रानोममावशी. प्राणिसंग्रहालयातल्या सगळ्या जनावरांचं खाणं तिच्या काट्यावरून जातं. नवी पोरं आली की ती पैज लावते. आमच्या वेळी म्हणाली, "एका गाडीत गवत हत्तिणीला, तेवढंच दुसऱ्या गाडीत शेळ्यांना. मुलांच्या कोपऱ्यात शेळ्या आहेत त्या सगळ्या मिळून हत्तिणीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या. कुणाची गाडी आधी रिकामी होईल?"

मी म्हणालो, "हत्तिणीची. मी हत्तीवाल्यांच्या घरातला आहे, मला काय विचारता!"

वुथी म्हणून एक कंबोडियाचा पोरगा आहे, हुशारी दाखवायची सवय त्याला. म्हणाला, "तिसरा हिस्सा वजन, तर तिसरा हिस्सा गवत. दोन हिस्से उरणार."

"जो हरेल त्याने आठवडाभर कढया घासायच्या," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गेलो तर दोन्ही गाड्या चाटूनपुसून रिकाम्या. मी म्हटलं, "मावशी, शेळ्यांना आदल्या दिवशी उपाशी ठेवलं होतंत."

"उपाशी तुझी अक्कल आहे. कढई घे."

वुथी आणि मी, दोघांनी घासल्या.

तेव्हापासून मी बघत आलोय, बाबा. जनावर जेवढं लहान तेवढी त्याची भूक त्याच्या अंगाला मोठी. रात्री जागणाऱ्या जनावरांच्या काळोख्या घरात चिचुंद्र्या ठेवल्यात. एक चिचुंद्री माझ्या अंगठ्यापेक्षा हलकी, पण दिवसभरात स्वतःच्या वजनाएवढे किडे संपवते, आणि एक खेप चुकली तर सकाळी पाय वर. मोलो तापात दोन दिवस काही खात नव्हती, आठवतं? तिसऱ्या दिवशी उठून नदीवर गेली. इथल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा नळी माझ्या कानाला लावून दिली. हत्तिणीच्या छातीत एक ठोका पडला, मला वाटलं आता थांबलं, मग दुसरा. चिचुंद्रीचे ठोके मोजता येत नाहीत, नुसती घरघर ऐकू येते. बाई म्हणाल्या, औषधाचंही असंच. शंभर शेळ्यांचं औषध एका हत्तिणीला दिलं तर ती परत उठायची नाही. असं का, ते मला विचारू नका. बाई एक कारण सांगतात, त्यांचे साहेब दुसरं सांगतात, आणि दोघं जेवायच्या टेबलावर भांडतात. पण गाड्या रिकाम्या झाल्या त्या मी पाहिल्या.

म्हणजे व्यापारी तुम्हाला एक मोलो घेऊन तीन मोलोंची भूक देतोय. आपल्या वाट्याच्या रानात ती मावणार नाही. पहिल्या उन्हाळ्यात कोवळा बांबू जाईल, मग शेळ्या वरच्या वाडीच्या पडीक शेतात शिरतील, मग वरची वाडी कोयते घेऊन आपल्या अंगणात. मोलो एका जागी दोन तोंडं मारते आणि पुढे जाते. शेळी मुळापर्यंत जाते.

इथवर म्युनेने वाचलं असेल तर तुम्ही विडी शोधायला लागला असाल. का, ते मला माहीत आहे. शेळ्यांचा हिशोब तुम्हाला अगदीच कळला नसेल असं मला वाटत नाही. उभा जन्म रानात गेला तुमचा. पण शेळ्या संध्याकाळी आपल्या पायांनी घरी येतात. मोलो येत नाही. रोज पहाटे तिने रानात ओढत नेलेल्या साखळीचा माग काढत डोंगर चढावा लागतो, तुमच्याने आता चढवत नाही, आणि मी तिथे नाही. भांडण एवढंच आहे. खाण्याचं नाव आपण उगाच घेतोय.

कापणीला येतो म्हणालो होतो. मावशीने सुटी दिली होती. मीच घेतली नाही.

बाबा, मी माहूत व्हायला परत येणार नाही. ह्या वर्षी नाही असं नाही, नाहीच. तुम्ही मला चिचुंद्री म्हणायचात ते खोटं नव्हतं. मोलो अर्धी सकाळ एका जागी उभी राहून चघळते आणि तुम्ही तिच्या पायाशी विडी ओढत तेवढाच वेळ बसू शकता. तुमच्या दोघांचं एका ठोक्यावर चालतं. मी बसलो की माझे पाय आपोआप उठतात. इथे पहाटेपासून गाड्या, पाट्या, आरडाओरडा, संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही, आणि मला झोप लागते. घरी मला झोप लागायची नाही. हे मी कधी सांगितलं नाही, कारण तुम्हाला वाटलं असतं मला मोलोचा कंटाळा आला. तिचा कधीच नाही. तिच्या कानामागचा वास अजून येतो मला.

आत्याचा लोसे आहे ना. मागच्या वेळी मी आलो तेव्हा मी समोर उभा असताना मोलोने सोंड त्याच्या खिशात घातली. मला वाईट वाटलं, पण दिसलं. मी त्याच्याशी फोनवर बोललो. तो म्हणाला, "मामांनी तुझी जागा रिकामी ठेवलीय. मला कशाला बसवतील?"

बाबा, बसवा त्याला. तुमचा अंकुश त्याच्या हातात द्या. थोडे दिवस खालून ओरडून शिव्या द्या, त्याला लागतील त्या, मला लागायच्या तशाच. तो फुकट येणार नाही, आणि येऊही नये. त्याच्या घरी बायको आहे. त्याची मजुरी दर महिन्याला मी पाठवीन, पोरगा म्हणून नव्हे, मोलोच्या मानेवरून उतरलेला माणूस म्हणून. त्यातले आईने मीठमिरचीला घेऊ नयेत. तिचे वेगळे पाठवीन.

व्यापाऱ्याला नाही म्हणा.

तुमचा,
सोएह

लोसेचे, ह्या महिन्याचे: सहा हजार बाट.