धाकटीचं कॉलेज

२ सप्टेंबर
शुयाओचं कॉलेज सुरू झालं. वय तेरा! हुशार पोरांच्या खास तुकडीत, शाळेची वर्षं ओलांडून थेट. आणि मी, एकोणीस वर्षांची घोडी, कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत दोनदा आपटलेली — तिच्या जेवणाखाणासाठी इथे शीआनला, विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या खोलीत. आईला बुटांच्या कारखान्यातून रजा नाही. बाबा म्हणाले, "ताटात पडलं काय नि वाटीत पडलं काय, घरचंच ना!" वाटी माझीच रिकामी.

९ सप्टेंबर
भात करपला. मुद्दाम नाही.

२१ सप्टेंबर
फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं विचारलं, "काय गं पोरी, कुठल्या वर्गात?" म्हटलं, स्वयंपाकाच्या. तो हसला. मला नाही आलं हसू.

शुयाओला इकडचं मिळमिळीत जेवण नको, घरच्यासारखी जाळ मिरची हवी! जी गणितं मला दोन वर्षांत सुटली नाहीत ती ही घास चघळत चघळत सोडवते. काल मला समजवायला आली — "ताई, सोप्पं आहे गं!" ताट आपटलं तिच्यापुढे.

१८ ऑक्टोबर
वर्गातली मुलं तिला 'बाळ' म्हणतात, गटात घेत नाहीत. रडली. म्हटलं, "मग? गेल्या वर्षी परत त्याच वर्गात बसले तर मला पोरं आजी म्हणायची. मी कुणाकडे रडले?"

जरा बरं वाटलं. वाटू दे.

१ नोव्हेंबर
ठरलं! तिसऱ्यांदा बसणार. नावनोंदणीला गावीच जावं लागतं, फोटो नि बोटांचे ठसे तिथेच घेतात. मुदत नऊ तारखेपर्यंत. आठ तारखेची गाडी आहे, रात्रभराचा प्रवास. बाबांना कळवलं नाही. शुयाओला म्हटलं, चार दिवसांत येते. तिनं भातातून डोकं वर काढलं नाही.

८ नोव्हेंबर
दुपारपासून कार्टी तापली आहे. कपाळाला हात लावला तर चटका! थर्मामीटर चाळीसच्या वर. दवाखान्यात चल म्हटलं तर पांघरुणात तोंड खुपसते. एकटीला टाकून कशी जाऊ? गाडी गेली.

१० नोव्हेंबर
मुदत संपली. माझं वर्ष गेलं. ही मात्र दुसऱ्याच दिवशी टुणटुणीत! बाबांना फोनवर सांगितलं. "बरं झालं राहिलीस. तुझं बघू पुढच्या वर्षी." तिच्याशी बोलणं टाकलंय.

१४ नोव्हेंबर
ताप नव्हताच. आज जेवताना तिनंच सांगितलं. गरम पाण्याची पिशवी कपाळाला लावून पडली होती, थर्मामीटरही पिशवीवरच धरला. "तू गेली असतीस ना ताई, तर परत आली नसतीस."

नसतेच आले.