बाबांच्या कानाचं मशीन

ताई,

तू उठायच्या आत निघालोय. रविवार असला तरी शाळेच्या रंगकामावर जातोय. मुकादमाने उचल दिली, तेव्हा त्याला तसा शब्द दिला होता.

अकराच्या सुमाराला कानाच्या मशीनवाला घरी येईल. तोवर बाबांना फिरायला सोडू नकोस. पैसे भरलेत, तू पर्स काढू नकोस.

दोन वर्षं मी तुम्हाला “मशीन फार महाग आहे, पुढे बघू” म्हणत आलो. खरं सांगतो, परवापर्यंत मी किंमत विचारलीच नव्हती. दुकानदाराने आकडा सांगितला, तेव्हा तोंडातून निघून गेलं, “एवढेच?” तो हसला, “असं विचारणारे तुम्हीच पहिले.” मला हसता येईना. त्याच्या कितीतरी पट मी बारमध्ये उडवलेत, तेही दुसऱ्यांची बिलं भरून रुबाब मारण्यात.

मित्रमंडळींचा फोन आला तर सरळ सांग, तो येणार नाही. मीही सांगितलंय, पण त्यांना ती थट्टा वाटते.

बाबांना यातलं काही बोलू नकोस. संध्याकाळी शेजारी बसून मीच सांगेन, हळू आवाजात.

तुझा धाकटा