पिल्लांच्या भरड्यातलं तेल

माय, थकले गं मी. तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी हे सांगायला दुसरं कोणी सापडत नाही. तुझ्यामागं डुकरं मीच सांभाळते. या खेपेची पिल्लं परवा आईपासून तोडली आणि सगळी मलूल झाली. त्यातलं सगळ्यात बारकं, कानावर काळा ठिपका असलेलं, तर उभंच राहीना. ते मेलं असतं तर मला सोसलं नसतं, आता अंगात तेवढं बळच उरलेलं नाही. मग तुझी चूल आठवली. ताप उतरून मी नुकती उठलेय, तू दादर ज्वारीची गरम भाकरी कुस्करतेस, वर शेंगदाण्याच्या तेलाची धार धरतेस आणि म्हणतेस, "खाय, अंगमा ताकद येई." मी ताट तुझ्याकडं सरकवलं की खेकसायचीस, "माले काय करनं शे तेल?" तुझी भाकरी कायम कोरडीच.

म्हणून मीही पिल्लांच्या भरड्यात तेल ओतलं, चांगलं सढळ हातानं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना हगवण! तळोद्याहून गुरांचे डॉक्टर आले आणि कपाळाला हात लावून बसले. "अहो मावशी, लाडानं मारता का काय त्यांना? आईच्या दुधातली चरबी पचते त्यांना. पण दूध तुटलं की पोट बावचळतं, वरचं तेल झेपायला आठ-पंधरा दिवस जावे लागतात. मग घाला, थोडं थोडं." औषध दिलं, पातळ पेज पाजायला सांगितलं. निघताना गाडीला किक मारत म्हणाले, "पुढच्या वेळी पिल्लं पीत असतानाच तेल आईला द्या. तिच्या दुधातून उतरेल त्यांच्यात."

आज सकाळी ठिपकेवालं उठलं, लटपटत आलं आणि पेज चाटायला लागलं. मी तिथंच भिंतीला टेकून बसले आणि रडले. पिल्लू वाचलं म्हणून रडले, ते खरंच. पण आईला द्या, असं आपल्या घरात कधी कोणी म्हटलंच नव्हतं गं. तुला नाही, आणि मलाही नाही. सून, नातवंडं, डुकरं, सगळ्यांची ताटं भरता भरता माझीही भाकरी कधी कोरडी झाली, कळलंच नाही.

हे पत्र पाठवायचं तरी कुठं? पिठाच्या डब्याखाली ठेवीन. एवढंच सांगते. दुपारी घरात कोणी नव्हतं, तेव्हा मी माझ्या भाकरीवर तेल ओतून घेतलं. पण खाल्ली मात्र दार लावून.