हळू आवाजातलं वाक्य

पाथर्डी, मंगळवार संध्याकाळ

सरूला कमी ऐकू येतं, हे मला इतक्या उशिरा कळावं? मागे जेवताना हळूच म्हणालो होतो, सभेत तू समोर नसलीस की बोलण्यात जीव राहत नाही. तिने मान हलवली, आली मात्र नाही. मी उगाच रुसून बसलो.

आज लेकीने आईसाठी हेडफोन पाठवले. ते सारखे माझ्याच लॅपटॉपला चिकटत होते. आधी मीच लावून पाहिले ना! शेवटी लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद केलं, निळा दिवा लुकलुकेपर्यंत बटण दाबलं आणि ते सरूच्या मोबाईलला जोडले.

अंगणातून तिला फोन लावला. सवयीने गरजलो, "ऐकू येतंय का?"

"अवो, हळू! ही काय ऊसतोडीवाल्यांची सभा हाय?"

हळू? शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्यात जन्म गेला माझा. खिडकीतून तिच्या कानाशी तो निळा दिवा दिसत होता. जेवतानाचं ते वाक्य पुन्हा म्हणालो. हळू.

या वेळी तिने मान हलवली नाही.

"मंग हे आदी न्हाई का सांगायचं?"