लाल फितीची मोळी

बाई, काल पुन्हा ती मोळी पाहिली. काटक्या वेगळ्या, डोकं वेगळं, पण लाल सॅटिनची फीत तीच, नाहीतर तिची धाकटी बहीण. यंदा सगळ्या कॅथलिक शाळांचा गुणगौरव सोहळा आपल्या महाडच्या शाळेत झाला आणि प्रमुख पाहुणी म्हणून मला बोलावलं होतं. तुम्ही असतात तर पहिल्या रांगेत बसून मान डोलावली असतीत, आणि परत जाताना नेहमीसारखं म्हणाला असतात, ‘शेवटची पाच मिनिटं जास्त झाली.’ तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण भाषण संपवून खाली उतरले की मी अजून त्या वाक्याची वाट बघते. काल ते कुणीतरी म्हणायला हवं होतं.

तुम्ही वसईच्या, मी वरंधच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतली, शाळेच्या वसतिगृहात राहणारी. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की तुम्ही दुखऱ्या गुडघ्यांसाठी सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर जायचात आणि मला सोबत न्यायचात. तुम्ही गरम पाण्यात पाय सोडून बसायचात, मी काठावर उभी राहून बोलायचे. कुंडावर आलेल्या बायका हसायच्या. ‘हिला काय झालं गो?’ ‘काय नाय, भाषान करते ती.’ तुम्ही तिकडे बघायचाही नाहीत. ‘हात खाली. मूठ आवळून कुणाला काही पटत नाही. त्या पलीकडच्या म्हातारीला ऐकू गेलं का, एवढंच बघ.’ एकदा भाषणात मी आईला अडाणी, भोळीभाबडी म्हटलं, तर तुम्ही पाण्यातून पाय बाहेर घेतलेत. ‘भोळी आहे का तुझी आई?’ मी म्हटलं, ‘नाय बाई. बकरं घ्यायला आलेल्या खाटकाला रडवते ती.’ ‘मग ते सांग. खोटी गरिबी दाखवून टाळ्या घ्यायच्या नाहीत.’ या एका वाक्यावर मी पुढचं सगळं आयुष्य बोलत आले. म्हणून तर त्या वर्षीचा सोहळा मला आजवर गिळता आलेला नाही.

त्या वर्षी सगळ्या शाळांतून मराठी वक्तृत्वात मी पहिली आले आणि आदर्श शिक्षिका म्हणून तुमची निवड झाली. सोहळा मुंबईजवळच्या एका मोठ्या शाळेत. निरोप आला की विजेत्यांनी आपापल्या भागाच्या पेहरावात यावं. शहरातल्या मुलांचा पेहराव ठरला कोट आणि टाय. माझा ठरला गुडघ्यापर्यंतचं लुगडं आणि डोक्यावर लाल फितीने बांधलेली मोळी. मी नाही म्हटलं, तेव्हा तुम्ही मला बाजूला घेतलंत. ‘दोन मिनिटांचं तर आहे. मोळी खाली ठेवलीस की माईक तुझा. मी तसं कबूल करून घेतलंय.’ मी विश्वास ठेवला. मुंबईला नोकरीत असलेला दादा आई-बाबांना घेऊन आला होता. बाबांची पँट इस्त्रीची, आईच्या अंगावर ट्रंकेतून काढलेली कोरी साडी, घड्या तशाच उमटलेल्या. संयोजक त्यांच्यासमोर उभं राहून विचारतोय, ‘या मुलीचे पालक आलेच नाहीत का?’ आई म्हणाली, ‘आमी हितंच हाव की. आजून काय दाकवू?’ मग तिने माझ्या डोक्यावरच्या काटक्या चाचपल्या. ‘ह्यात चा पन व्हायचा नाय गो.’ मला हसू फुटलं, मोळी कलंडली, आणि एका बाईंनी येऊन ती सरळ केली, फुलदाणी सरळ करावी तशी.

मी चालतेय. कुठल्याच कोटवाल्याला मिळाल्या नाहीत एवढ्या टाळ्या पडतायत. काय म्हणून, ते मला त्या वयातही कळतंय. मी मोळी खाली ठेवते, माईककडे वळते, आणि निवेदक पुढचं नाव घेतो. तुमचं. तुम्ही वर आलात. माझ्याकडे बघितलंत. साडी जरा उचलून मोळीला वळसा घातलात, खांद्यावर शाल घेतलीत, माझ्या माईकमध्ये ‘धन्यवाद’ म्हणालात आणि जाऊन बसलात. परतीच्या एसटीत तुम्ही एवढंच बोललात: ‘पुढच्या वर्षी बोलशील.’ मी दहावीत होते, बाई. तुमच्याच वर्गात होते. मला तुमची शिसारी आली, आणि ती मी लपवलीही नाही. शाळा सोडल्यावर तुम्हाला कधी भेटायला आले नाही ती त्यामुळेच.

काल तीच मोळी पोलादपूरकडच्या एका मुलीच्या डोक्यावर. विज्ञान प्रदर्शनात पहिली आलेली मुलगी. विज्ञानात, बाई. तिच्या पुढे-मागे गणवेशातली मुलं, हातात ढाली. मी खुर्चीतून उठले, माईक घेतला आणि म्हटलं, ‘बाळ, ते खाली ठेव.’ तिने ठेवलं. मग मी सुरू झाले. कोट आणि काटक्या, डोंगरातल्या माणसांचं प्रदर्शन मांडून मिरवणारे सत्कार, मुलांच्या डोक्यावर चढून वर गेलेल्या शाळा, काही सोडलं नाही. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. टाळ्या थांबेनात. ज्यांनी फीत बांधली तेही टाळ्या वाजवत होते, इतके हे लोक निगरगट्ट. वेळ संपली, राष्ट्रगीत झालं.

शाळेमागच्या नळावर ती मुलगी तोंड धूत होती. शेजारी तिच्या तरुण शिक्षिका. मी विचारलं, ‘बरं वाटलं ना गं?’ तिने नळ बंद केला. ‘तुला काही बोलायचं होतं का?’

‘आता काय नाय.’

‘सांग तर.’

‘मोळी ठेवली का पाच मिन्टं माझं बोलनं होतं. बाईंनी सगल्यांशी भांडून ठेवलेलं. तुमी ठेवायला लावलीत नि तुमीच बोललात.’

शिक्षिका घाईने म्हणाल्या, ‘मॅडम, मनावर घेऊ नका, तिला कळत नाही.’

‘कळतंय की,’ ती म्हणाली, आणि चप्पल घालून गेली.

पुढच्या महिन्यात वसईला व्याख्यान आहे. हे कागद तिथे तुमच्या कबरीवर ठेवायचे, असं ठरवून लिहायला बसले होते. आता ठेवणार नाही. तुम्ही त्या मोळीला घातलेला वळसा मी माफ केलेला नाही, आणि तसं खोटं लिहून तिथे मेणबत्ती लावणं मला जमणार नाही. फक्त एक आहे, ते इथेच लिहून पर्समध्ये घडी करून ठेवते. तुम्ही निदान मोळीकडे बघून बाजूने गेलात. मी स्टेजवरून उतरले तेव्हा ती मोळी कुठे होती, हे मला आठवत नाही. आणि शेवटची पाच मिनिटं त्या पोरीची होती.